वन्संचे हात

शिंप्याने पराठ्याचा तुकडा मोडला, दह्यात बुडवून तोंडात टाकला आणि चावता चावता मधेच थांबला. उरलेला पराठा त्याने दोन्ही हातांनी मधोमध फाडला, दाराच्या उजेडाकडे धरून आत डोकावून पाहिलं आणि ताटात परत ठेवला.

"वहिनी, ह्यात काहीच नाही."

तव्यापाशी उभी असलेली वहिनी वळलीसुद्धा नाही.

"काय नाही? मीठ?"

"सारण नाही. बटाटाच नाही हो आत. नुसती हवा आहे."

दुकानात हशा पिकला. दाराशी बसलेला पोस्टमन म्हणाला, "अस्तर लावायचं राहिलं असेल. तुम्ही नाही का लोकांच्या कोटांना विसरत?" त्यावर शिंपीसुद्धा हसला. या दुकानात पराठा भरायचा राहिला, ही गोष्टच अशी होती की तिच्यावर हसण्यापलीकडे कुणाला काही सुचेना.

मग शाळेतल्या बाईंनी आपल्या ताटातला फ्लॉवरचा पराठा हळूच उचकटून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माझाही," त्या म्हणाल्या. जणू चूक त्यांचीच होती.

पोस्टमनने आपल्या पराठ्याला अजून हात लावला नव्हता. त्याने तो घाईघाईने फाडला. कणकेचे दोन पापुद्रे आणि मधे वाफ. हशा जागच्या जागी विरला. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी तर आपले पराठे चिमटीत धरून असे उलटेपालटे केले की बघणाऱ्याला वाटावं, आत काहीतरी विंचूबिंचू आहे.

चार टेबलांचं ते दुकान. दारावरच्या पाटीवर मालकाचं नाव नाही, काही नाही. 'भरलेले पराठे' एवढेच दोन शब्द. गल्लीतली माणसं एकमेकांबद्दल काय वाटेल ते बोलत. डॉक्टरचं औषध म्हणजे रंगीत पाणी, शिंप्याने दिलेली तारीख म्हणजे शुद्ध थाप. पण इथल्या पराठ्यात सारण कडेपर्यंत पोचलं नाही, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. आणि हे सगळं श्रेय वन्संचं होतं. वहिनी तव्यावर होती, ती भाजायची. पण भाजणं काय, शिकवलं तर कुणालाही येईल, असं वन्संचं स्पष्ट मत होतं आणि ते त्या वहिनीच्या देखत गिऱ्हाइकांना ऐकवत.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. सासर सोडून दोन पिशव्या घेऊन त्या भावाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याला जमाना झाला. पुढे भाऊ गेला, दुकान वहिनीच्या नावावर आलं, पोळपाट मात्र वन्संकडेच राहिला. वहिनी त्यांना वन्सं म्हणते म्हणून हळूहळू गिऱ्हाईकंही वन्सं म्हणू लागली, शाळेतल्या बाईंपासून कचरा नेणाऱ्यापर्यंत. त्या अख्ख्या गल्लीच्या नणंद झाल्या होत्या आणि नणंदेचा हक्क बजावताना मागेपुढे पाहत नव्हत्या.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. ओट्याच्या टोकाला उंच स्टुलावर, तोंड गिऱ्हाइकांकडे करून बसायचं. उजवीकडे कणकेच्या लाट्या, डावीकडे परातीत सारणाचे गोळे. अंगठ्यांनी लाटीची वाटी करायची, डाव्या हाताने गोळा उचलून आत बसवायचा, कडा वर ओढून तोंड मिटायचं आणि उंडा पोळपाटावर घेऊन तिथल्या तिथे लाटून टाकायचा. या सगळ्यात स्वतःच्या हातांकडे एकदाही बघायचं नाही. नजर गिऱ्हाइकांवर आणि जिभेला विश्रांती नाही. कुणाचं पोट सुटलं, कुणाची सून कामावर जायला लागली, कुणी दही पुन्हा मागितलं, सगळ्याचा समाचार घेणं चालू.

"बघितलं की चुकतं," असं त्या म्हणत. "बोटांना कळतं. त्यांना कशाला हवेत डोळे?"

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. वन्संनी शिंप्याच्या ताटातल्या त्या फाटक्या पराठ्याकडे पाहिलं. मग मान वळवून डावीकडच्या परातीत पाहिलं. बटाट्याचे आणि फ्लॉवरचे गोळे जसेच्या तसे रचलेले होते, एकही हललेला नव्हता. आता काहीतरी फटका बसणार, निदान पोस्टमनला तरी बसणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले. पण वन्संच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पदराखाली झाकले.

रिकाम्या पराठ्याने जेवढी बसली नव्हती तेवढी चपराक त्या गप्प बसण्याने बसली. शाळेतल्या बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि काय करावं ते न कळून परत बसल्या.

वहिनीने तव्यापासून वळून वन्संकडे पाहिलं. यांना कळलं, तिच्या मनात आलं. यांना कळलं आणि यांनी हे मुद्दाम केलं.

गेले कितीतरी दिवस ती एक गोष्ट पोटात घेऊन वावरत होती. तिने दुकान विकलं होतं. मागच्या रस्त्यावरचा चष्मेवाला ते घेणार होता, बोलणी पक्की झाली होती, महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या होत्या आणि मग ती कायमची मुलाकडे जाणार होती. वन्संना याची कानोकान खबर नव्हती. दुपारच्या गर्दीत इकडे फिरकू नका, असं तिने चष्मेवाल्याला बजावून सांगितलं होतं. तरी तो शहाणा आज नेमका जेवणाच्या वेळेला समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला आणि दुकानाची रुंदी पावलं टाकून मोजायला लागला. त्याला पाहिल्यापासून वहिनीचं तव्याकडे लक्षच नव्हतं. नाहीतर तिला तेव्हाच कळायला हवं होतं. भरलेला पराठा असा फुगत नाही. उलट मधे एकदा तिच्या मनात येऊन गेलं होतं की आज पराठे काय टम्म फुगताहेत!

आणि वन्सं तर दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना तो न दिसून कसं चालेल?

"आज घोटाळा झालाय," वहिनी हात जोडून म्हणाली. "माफ करा. आज राहू दे."

लोक उठले. एरवी कुणीतरी जाता जाता वन्संची खोडी काढली असती. आज सगळ्यांनी मुकाट्याने हात धुतले आणि आजाऱ्याच्या खोलीतून निघावं तसे दबकत बाहेर पडले. शिंपी उंबऱ्याशी घुटमळला.

"वन्सं, राग मानू नका हं," तो म्हणाला. "मी आपलं सहज बोलून गेलो."

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझं काय चुकलं?" त्या एवढंच म्हणाल्या.

वहिनीने शटर अर्ध्यावर ओढलं. आत आली. गॅस बंद केला. मग टेबलांवरची ताटं एकात एक घालायला लागली, आणि प्रत्येक ताटात तो फाटलेला, पोटात काही नसलेला पराठा बघून तिचा पारा चढत गेला. चूक आपली आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला जसा राग येतो तसा हा राग होता. त्याला तळ नव्हता.

वन्सं स्टुलावरून उतरल्या होत्या आणि तव्याच्या बाजूला उभ्या राहून परातीतले गोळे डब्यात भरत होत्या. एक एक गोळा, खाली मान घालून.

"मला काही बोलायचं असेल तर तोंडाने बोला," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या ताटात टोमणे वाढू नका."

"टोमणे?"

"मग काय आहे हे? ह्या दुकानात राम राहिला नाही, सगळं पोकळ झालंय, असंच सांगायचं होतं ना मला? मग मला सांगायचं. त्या बिचाऱ्या बाई भुकेल्या उठून गेल्या."

वन्संनी डबा खाली ठेवला. "अगं, मी मुद्दाम..."

"मुद्दाम नाही तर काय? तुम्ही? तुम्ही झोपेत सुद्धा भरलात तर एक रिकामा निघणार नाही! पाच-सहा माणसांच्या ताटात एकाच वेळी हवा? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

वन्संनी डाव्या हाताने ओट्याचा आधार घेतला आणि वहिनीकडे बघत राहिल्या. ते बघणंच वहिनीला सोसेना. तिने हातातली ताटं टेबलावर आदळली.

"हो, विकलंय मी दुकान! झालं समाधान? त्या चष्मेवाल्याला विकलंय. महिनाअखेरीला जातेय मी. पोराने बोलावलंय. नात दोन वर्षांची झाली, वन्सं, मी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. फोनच्या काचेला नाक लावते ती आणि आजी आजी करते. मी किती वर्षं ह्या तव्यापुढे उभी राहू? गुडघे गेले माझे. रात्री अंग असं भाजत असतं की पंखा लावला तरी..."

तिला थांबायचं होतं, पण आता थांबता येईना. जे बोलायला ती इतके दिवस चांगला मुहूर्त शोधत होती ते असं उकिरड्यावर फेकल्यासारखं बाहेर पडत होतं.

"तुम्हाला वाऱ्यावर सोडून चाललेय असं वाटतंय ना तुम्हाला? मी सगळा विचार केलाय. असे हात आहेत तुमचे. ह्या गावात कुठल्याही दुकानात जाऊन उभ्या राहिलात तरी तुम्हाला हात जोडून आत घेतील. पुढच्या चौकातला तो हॉटेलवाला तर केव्हापासून टपून बसलाय. तुमच्यासारखे हात असते तर मी कशाला कुणाच्या..."

तेवढ्यात तिला वास आला.

आधी वाटलं, तव्यावर काहीतरी राहिलं. कणकेचा तुकडा जळतोय. पण कणीक जळल्याचा वास ती इतकी वर्षं घेत आली होती आणि हा वास तो नव्हता. तिने तव्याकडे पाहिलं. गॅस बंद करून फार वेळ झाला नव्हता. तो जाड लोखंडी पत्रा कितीतरी वेळ तापलेला राहायचा. त्याच्या कडेवर वन्संचा डावा तळवा पूर्ण टेकलेला होता. तळव्याखालून बारीकशी धुराची रेघ वर येत होती. आणि वन्सं शांतपणे वहिनीच्या तोंडाकडे बघत, तिचं बोलणं ऐकत उभ्या होत्या.

वहिनीला ओरडायचं होतं. घशातून आवाज फुटला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. ती झेपावली, वन्संचं मनगट धरून हात उचलला. तो सहज सुटला नाही.

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

मग त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर वेदना आली नाही. आली ती शरम. घरच्या माणसाने आपल्याला नको त्या वेळी पाहावं, तशी. त्यांनी हात ओढून पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, पण वहिनीने मनगट सोडलं नाही. त्या हातावर, बोटांच्या पेरांवर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, आणखीही डाग होते. काही सुकलेले, काही अजून लालसर. रोज तीन फुटांवर बसणाऱ्या बाईचे हे डाग तिने आज पहिल्यांदा पाहिले.

तिने तो हात नळाखाली धरला. पाणी पडत होतं आणि वन्सं त्या पाण्याकडे अशा बघत होत्या, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातावर पडतंय.

"गार लागतंय का?" वहिनीने विचारलं.

"लागत असेल," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरचा दवाखाना दोन दारं सोडून. त्याने जेवायचा डबा बाजूला सारला, तळवा पाहिला आणि एकदम चिडला.

"मागच्या खेपेला काय बजावलं होतं मी? विस्तवाजवळ जाऊ नका म्हणून सांगितलं होतं ना? तुम्हाला भाजलेलं कळणार नाही, चिरलेलं कळणार नाही, हे चांगलं दोनदा सांगितलं होतं!"

"मागच्या खेपेला?" वहिनी म्हणाली.

डॉक्टरने मलमाची नळी उघडता उघडता दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. वन्सं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"मानेतली शीर दबली गेलीय. डाव्या हाताची जाण गेल्यातच जमा आहे. उजव्याचीही कमी होत चाललीय. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हटलं होतं, चिठ्ठीही दिली होती."

"परत येईल ना?"

"ते तिकडचे डॉक्टर सांगतील," तो म्हणाला. हे वाक्य डॉक्टर ज्या आवाजात म्हणतात त्याच आवाजात म्हणाला. मग त्याने पट्टी बांधली.

वहिनी त्यांना धरून परत घेऊन आली. खरं तर त्यांच्या पायांना काहीच झालं नव्हतं, पण धरल्याशिवाय तिला राहवेना. अर्ध्या शटरखालून दोघी वाकून आत शिरल्या. टेबलांवर ताटं तशीच पडलेली, दह्याच्या वाट्यांवर माशा बसलेल्या. वन्सं गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. त्या बाकावर बसलेल्या वन्सं वहिनीने कधी पाहिल्या नव्हत्या. पट्टी बांधलेला हात त्यांनी मांडीवर घेतला होता, शेजारणीचं मूल घटकाभर सांभाळायला घ्यावं तसा.

वहिनी समोर बसली. असे हात आहेत तुमचे, असं ती थोड्या वेळापूर्वी त्या हातांना म्हणाली होती. इतके दिवस रात्री झोप लागावी म्हणून तिने स्वतःला जे समजावलं होतं ते सगळं याच एका गोष्टीवर उभं होतं. वन्संचं काय, त्यांना कुठेही काम मिळेल. त्यांना काय कमी आहे?

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले काही महिने. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्या पण गेल्या."

"मग इतके महिने भरत कशा होतात?"

"बघून."

वन्संनी ते असं सांगितलं, जणू चोरी कबूल करताहेत. आणि वहिनीला आठवलं, हल्ली वन्संची मान खाली असायची. बोलणं कमी झालं होतं. शिंपी परवा म्हणालाही होता, वन्सं, तब्येत बरी आहे ना, आज मला एकही शिवी नाही? वहिनीला वाटलं होतं, वय झालं. नाहीतर घुश्श्यात असतील कशावरून तरी. माणूस एका जागी बसून नजरेसमोर बदलत होतं आणि तिने ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं, कारण तिला स्वतःचंच काही लपवायचं होतं.

"पराठा भरताना नजर हलू द्यायची नाही, असं ठरवलं होतं मी," वन्सं म्हणाल्या. "एकदा गोळ्याकडे, एकदा लाटीकडे. जमत होतं. आज मान वर केली. तो चष्मेवाला समोर पावलं टाकत होता. मी बघत बसले. वाटलं, आपली टेबलं जिथे आहेत तिथे तो काय ठेवेल? आरसे ठेवेल का? आणि हात आपले चालू राहिले. त्यांना सवय आहे ना. मला वाटलं, उचलतायत गोळे."

वहिनीला एकेक शब्द कळत होता, तरी सगळं कळायला वेळ लागला.

"तो कोण आहे, कशाला आलाय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, तुझ्या लेकाने आधी मलाच फोन केला होता. तुला विचारायच्या आधी. आत्या, आईला तू समजाव म्हणाला. ती तुझ्यापायी अडून बसेल, तू सांगितलंस तरच निघेल."

"आधी?" वहिनीचा आवाज चिरकला. "म्हणजे मला विचारायच्या आधीपासून तुम्हाला..."

"हो."

"आणि तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"सांगितलं, मी समजावायला गेले तर तुझी आई हट्टाने राहील. तिचं तिला ठरवू दे. मी अवाक्षर काढणार नाही." वन्सं किंचित हसल्या. "नाही काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. तुला आश्चर्य वाटलं नाही, ह्याचंच मला आश्चर्य वाटत होतं."

वहिनीला हसू येणं शक्यच नव्हतं. हे सगळे दिवस तिच्या डोळ्यांपुढून उलट्या बाजूने जात होते. ती माजघरात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायची तेव्हा वन्सं मुद्दाम नळ सोडायच्या. नवी बॅग तिने कपाटामागे लपवली होती तर चार दिवसांनी तिच्यावर कुणीतरी जुनी चादर घातलेली दिसली होती. तिला वाटलं होतं, आपणच घातली असेल.

"आणि हाताचं?" तिने विचारलं. "हाताचं तरी सांगायचं होतं!"

"हाताचं सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

बाहेर गल्लीतून सायकलची घंटी वाजत गेली. वन्सं पट्टीचं सुटलेलं टोक उजव्या हाताने आत खोचायचा प्रयत्न करत होत्या; ते टोक बोटांतून निसटत होतं आणि निसटलेलं त्यांना कळत नव्हतं. वहिनीने पुढे होऊन ते खोचलं.

"वन्सं," ती म्हणाली, "वन्सं, मी..."

"थांब." वन्संनी पट्टीचा हात वर केला. "आता तू म्हणशील, मी जात नाही. भरात म्हणशील. म्हणू नकोस."

"पण..."

"म्हणालीस तर मला खरं वाटेल."

त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. दही संपत आलंय, असं सांगायच्या त्याच आवाजात.

"इतके दिवस मी तुझ्याकडे काही मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "फार कठीण नव्हतं. तू जाणार हे पक्कं होतं ना, मग मागायचा प्रश्नच नव्हता. तू गेल्यावर माझं मी बघितलं असतं. पण तू एकदा तसं बोललीस की मग माझं काही खरं नाही. मग मी तुझा पदर सोडणार नाही. तेवढी थोर नाही मी."

वहिनीने तोंड मिटलं. वन्संना वाटलं असेल, हिने शब्द गिळला. पण खरं काय होतं ते वहिनीलाच ठाऊक. 'मी जात नाही' हे वाक्य तिच्या तोंडाशी आलंच नव्हतं. तिने ते आत सगळीकडे शोधलं. ते असायला हवं होतं. एवढं ऐकल्यावर कुणाही माणसाच्या तोंडात ते आपोआप यायला हवं. आणि त्या जागी तिला सापडलं ते फोनच्या काचेला चपटं झालेलं एक इवलंसं नाक. वन्सं, मी मोठ्या दवाखान्यात तुम्हाला घेऊन जाते, असं ती म्हणणार होती. मुलाकडे जायच्या आधी.

आजच्या दिवसात तिला बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का होता. रिकामे पराठे, भाजलेला हात, मुलाचा फोन, हे सगळं दुसऱ्यांनी दिलेलं होतं. हे तिचं स्वतःचं होतं. आपण अशा आहोत, हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

शटरखालून शिंप्याचं डोकं आत आलं. गळ्यात टेप तशीच लोंबत होती, चेहरा पडलेला.

"डॉक्टरकडे गेला होतात म्हणे? वन्सं, बऱ्या आहात ना?"

"भाजलं जरा," वन्सं म्हणाल्या. "तू तुझी कामं बघ. कुणाचा तरी कोट अडला असेल."

शिव्या पुन्हा सुरू झालेल्या ऐकून त्याला बरं वाटलेलं दिसलं. तो वहिनीकडे वळला.

"मग उद्या दुकान उघडणार ना?"

"उघडणार नाही तर काय," वहिनी म्हणाली. "या तुम्ही."

तिने वर पाहिलंसुद्धा नव्हतं. दारातून हा प्रश्न कुणीही विचारला की हेच उत्तर जायचं. लग्नकार्य असो, ताप असो, नवरा दवाखान्यात असो. दुकानदारी करणाऱ्याच्या तोंडाला तेवढं एक वळण पडलेलं असतं. शिंपी "बरं बरं" म्हणाला, वाकला आणि गेला.

वहिनी ताटं घेऊन वळली आणि तिची पावलं थबकली.

वन्सं तिच्याकडे बघत होत्या. हात तव्यावर जळत होता तेव्हा ज्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती तो चेहरा आता आवरत नव्हता. खालचा ओठ दाताखाली धरलेला, डोळे भरून आलेले. त्या काही विचारत नव्हत्या. त्यांना विचारायची गरज उरली नव्हती. त्यांना खरं वाटलं होतं.

अजून वेळ गेली नव्हती. अहो, मी आपलं सवयीने म्हटलं, एवढंच तर सांगायचं होतं. पाच शब्द. ते तोंडाशी आले सुद्धा, अगदी लगेच, शोधावे न लागता.

वन्संनी उजव्या हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि उठून उभ्या राहिल्या.

"मग सकाळी बटाटे किती लावायचे उकडायला?"

हातातली ताटं जड झाली होती. वहिनीने ती ओट्यावर ठेवली.

"नेहमीइतकेच," ती म्हणाली.